सवतीचं नवं काळीज

औंढा नागनाथ
१२ नोव्हेंबर २०२४

ती. गं. भा. गंगूताईस,
धाकट्या विश्वंभरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडायला लाज वाटते, म्हणून हे पत्र.

आता मुद्दा. आधी शेवटपर्यंत वाच, मग रागाव. डॉक्टरदाजींची लाल गाडी सहा वर्षं माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. जायच्या आधी त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं की विश्वा, हिला चालती ठेव. मी आपला होईल तेवढं करत आलो. पण दसऱ्यानंतर इब्राहीम मिस्त्रीने इंजिन उघडलं तर आत बोटभर लांब भेग. साठ वर्षांपूर्वीचं विलायती इंजिन, त्याचा सुटा भाग आता तिकडच्यांनाही मिळत नाही. तीस वर्षं ज्याने ते जिवंत ठेवलं त्या इब्राहीमने हात पुसले आणि म्हणाला की रावसाहेब, हे गेलं.

पण देव एक दार लावतो तेव्हा कुणाची तरी गाडी कालव्यात घालतो. वसमतचे कापडवाले पुनमचंद शेठ यांची जीपसारखी मोठी गाडी कालव्यात उलटली. शेठना खरचटलंसुद्धा नाही, गाडीचा मात्र चिवडा. त्यात इंजिन तेवढं धडधाकट राहिलं. नवं कोरं, पेट्रोलवरचं, टर्बोवालं. टर्बो म्हणजे काय ते तुला सांगतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्री फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. चुलीला फुंकणी, तसं. फक्त इथे चूलच फुंकणी मारते.

हे इंजिन आपल्या गाडीत बसवायचं ठरवलं आहे. गाडी अजून तुझ्या नावावर आहे, म्हणून आरटीओच्या अर्जावर तुझी सही हवी. अर्ज सोबत आहे. जिथे पेन्सिलीने फुली मारली तिथे कर.

तुझी माया अशीच असू दे.
तुझा, विश्वा


डोंगरकडा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वंभर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. गुडघे आहेत तिथेच आहेत.

म्हणजे माझ्या सवतीला नवं काळीज बसवायला निघालास. तिच्यासाठी डॉक्टरांनी काय केलं नाही ते सांग! मला लुगडं घ्यायला नांदेडला जायचं तर सवड नव्हती, तिचा कसला तो पट्टा आणायला मुंबईला गेले. चाळीस वर्षांत मी तिच्यात तीनदा बसले आणि तिन्ही वेळा उतरून ढकलत आले. तिसऱ्या वेळी तर रेवती पोटात होती.

आता तुझ्यापासून लपवत नाही. नांदेड रस्त्यावर बाबूसिंगचा ढाबा आहे. तो दोनदा येऊन गेला. त्याला ती गाडी दारात मांडायची आहे. पुढचं झाकण काढून त्यात बोगनवेल लावणार आणि लोक तिच्यात बसून फोटो काढणार म्हणतो. मी त्याला अर्धा शब्द दिला आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. पण मी बहात्तरची, तू सहासष्टचा. आपल्यामागे ती रेवतीच्या गळ्यात कशाला? रेवती पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते.

तरी सही करून पाठवते, कारण नाही केली तर तू जेवणार नाहीस. अट एकच. महाशिवरात्रीच्या आत गाडी औंढ्याहून माझ्या दारात आली पाहिजे. स्वतःच्या चाकांवर, कोणी न ढकलता. आली तर कायमची तुझी. नाही आली तर बोगनवेल.

वेळेवर गोळ्या घे. भावजय गेल्यापासून तू रात्रीचं नुसतं दूध पिऊन झोपतोस असं मला शकुबाईकडून कळलं आहे. तुझ्या शेजारणीला मी काही विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

लोभ आहेच, तो वाढवायची जबाबदारी तुझी.
गंगूताई


औंढा नागनाथ
१५ डिसेंबर २०२४

ती. गं. भा. गंगूताईस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद आणि सही दोन्ही पावले. आरटीओची परवानगीही आली.

कळवण्यास आनंद होतो की नवं इंजिन गाडीत बसलं आहे. किरकोळ कामं तेवढी राहिली आहेत. शिवरात्र फार लांब आहे, संक्रांतीलाच तिळगूळ घेऊन येतो की नाही बघ. बाबूसिंगला म्हणावं, बोगनवेल कुंडीत लाव.

मी रोज जेवतो. शकुबाईचं ऐकू नकोस.

तुझा, विश्वा


औंढा नागनाथ
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय गंगूताई,
इब्राहीम मिस्त्रीचा सलाम. तुमी बऱ्या असाल अशी दुवा करतो.

ताई, मी कधी पत्र लिहीत न्हाई. पण तुमच्या भावाने तुमाला काय लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं, म्हणून लिहून राहिलो. इंजिन बसलं हे बराबर आहे. पण ते चालू होऊन न्हाई राहिलं.

सुरुवातीपासून सांगतो. नवं इंजिन जुन्यापेक्षा मोठं. बसवलं तर बॉनेट चार बोटं वर. मंग मी बॉनेट कापून त्याच्यावर पत्र्याचं एक टेंगूळ ठोकलं. विश्वंभरराव त्या दिवशी शेडमधून उठून गेले, त्यांना बघवलं न्हाई. गिअरची पेटी बसवायला खालचा पत्रा कापला, तवा बी गेले. हे सारं झालं. माझी पोरगी अफशीन नांदेडच्या मोठ्या वर्कशॉपात नोकरीला आहे, ती दर रविवारी येऊन वायरिंग जोडते. तिने लॅपटॉप लावला आणि म्हणली की अब्बा, ह्याला किल्ली पाहिजे.

ही नवी इंजिनं किल्ली ओळखतात, ताई. किल्लीत एक बारीक दाणा असतो, ज्वारीपेक्षा थोडा मोठा. तो जवळ नसला तर इंजिनाला वाटतं की चोराच्या हातात पडलो, आणि ते गप बसतं. पुनमचंद शेठच्या दोन किल्ल्या होत्या. एक कालव्यात गेली. दुसरी शेठनी देवघरात ठेवली आहे. त्या गाडीतून जिता निघालो म्हणून रोज तिला हळदीकुंकू लावून राहिले. आमी दोनदा वसमतला जाऊन आलो. शेठनी चहा पाजला, पोहे खाऊ घातले, पण देव द्यायला तयार न्हाई. दुसरी किल्ली शिकवायची तर इंजिनाला पहिली दाखवावी लागते, असं पोरगी म्हणते.

मला माझी बी एक तकलीफ सांगायची होती. चाळीस वर्षं मी इंजिनावर हात ठेवून सांगत आलो का कुठं दुखून राहिलं. ह्याच्यावर हात ठेवला तर काहीच कळत न्हाई. पोरीला विचारावं लागतं. पोरगी हुशार आहे, त्याची खुशी आहे. पण हात रिकामा वाटतो.

तुमचे भाऊ सांजच्याला त्या बंद गाडीत जाऊन बसतात, स्टिअरिंग धरून. मी काहून विचारलं तर काच पुसू लागले. म्हणून तुमाला लिहिलं. मी लिहिलं हे त्यांना सांगू नका.

आपला, इब्राहीम


डोंगरकडा
३० डिसेंबर २०२४

इब्राहीमभाऊ,
नमस्कार. तुमचं पत्र मिळालं आणि बरं वाटलं. विश्वाने 'किरकोळ' लिहिलं तेव्हाच मला संशय आला होता. परीक्षेत नापास झाला तेव्हाही त्याने 'किरकोळ गुण कमी' असंच सांगितलं होतं.

तुम्ही दोघं चुकीच्या माणसाकडे गेलात. देवघर काय शेठ सांभाळतात? शेठ उठून घंटा वाजवतात. बाकी सगळं शेठाणींच्या, आशाबाईंच्या हातात. त्यांचं पहिलं बाळंतपण डॉक्टरांनी केलं होतं. मूल आडवं होतं, भर पावसात याच गाडीने डॉक्टर वसमतला गेले होते. परत येताना ती बंद पडली हे सांगू नका, जाताना पोचली एवढंच सांगा.

तुम्ही आशाबाईंना भेटा आणि खरं ते बोला. अफशीनला सोबत न्या. मी गाडीच्या बाजूची झाले असं समजू नका. माझा भाऊ बंद गाडीत बसतो ते मला चालणार नाही. चालत्या गाडीत बसला तर बसू दे.

आणि हाताचं म्हणाल तर, डॉक्टरांच्या वेळी नवी यंत्रं आली तेव्हा तेही असंच बोलायचे. पण यंत्राचा कागद बाजूला ठेवून रोग्याची नाडी मात्र शेवटपर्यंत धरायचे. ती सवय कधी वाया गेली नाही.

घरी सर्वांना आशीर्वाद.
गंगूताई


औंढा नागनाथ
९ फेब्रुवारी २०२५

ती. गं. भा. गंगूताईस,
सा. न. वि. वि. तुला इब्राहीमने लिहिलं हे मला माहीत नाही असं समज.

आम्ही तिघं आशाबाईंकडे गेलो. अफशीनने चांदीच्या वाटीतल्या किल्लीला आधी हात जोडले, मग आत दाणा कुठे असतो ते कागदावर काढून दाखवलं. इंजिनाला तेवढा दाणाच लागतो, बाकीच्या किल्लीशी त्याला काही देणंघेणं नाही, असं तिने समजावलं. शेठ लगेच म्हणाले की दाणा काढला तर देव कशात राहिला, दाण्यात की टरफलात? आशाबाई आतून आल्या आणि म्हणाल्या की नारळ देवापुढे फोडतो, तेव्हा करवंटी कुठे जाते आणि खोबरं कुठे जातं? खोबरं माणसांनीच खायचं असतं. शेठनी वाटी पुढे सरकवली. अफशीनने पोथीच्या पाटावरच किल्ली उघडली, चिमट्याने दाणा काढला आणि टरफल होतं तसं बंद करून वाटीत ठेवलं. आशाबाईंनी त्याला पुन्हा कुंकू लावलं. डॉक्टरांचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा तो आडवा मुलगा आता नाशिकला इंजिनिअर आहे.

दाणा स्टिअरिंगखाली चिकटवला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पण थरथरत होती. अफशीन लॅपटॉप बघून म्हणाली की सगळे आकडे बरोबर आहेत. इब्राहीमने बॉनेटवर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला की आकडे बरोबर असतील, पण डाव्या बाजूचं रबर ताणलंय. खाली वाकून बघितलं तर इंजिन ज्या रबरावर बसतं त्याचा एक बोल्ट तिरका. पोरीने बापाकडे असं बघितलं की मीच दुसरीकडे पाहिलं. इब्राहीम दिवसभर शीळ वाजवत होता.

पुढचं मी सांगितलं नाही तर शकुबाई सांगेलच. मी जुन्या सवयीने पेडल दाबलं. जुन्या गाडीला दाबल्यावर आपण जानवं सरळ करून घेईपर्यंत ती विचार करायची. ही विचार करत नाही. शेडमधून निघाली ती समोर शकुबाईने वाळत घातलेल्या हळदीत. ढिगाच्या मधोमध जाऊन उभी. तुझ्या सवतीला हळद लागली, ताई, आणि नवऱ्या मुलीच्या जागी मी बसलेलो. शकुबाईने मला आणि इब्राहीमला दुपारभर उन्हात बसवून एकेक कांडी वेचायला लावली. संध्याकाळी तिनेच पिठलं-भाकरी पाठवली. मी दोन भाकरी खाल्ल्या.

हिंगोलीला आरटीओची तपासणीही झाली. साहेबांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि टेंगूळ कुणी ठोकलं ते विचारलं. इब्राहीम घाबरला. साहेब म्हणाले की काम सुरेख आहे.

येत्या पंधरवड्यात निघतो. दिवस सांगत नाही, तू उगाच काळजी करत बसशील.

तुझा, विश्वा


डोंगरकडा
२४ फेब्रुवारी २०२५

चि. विश्वंभर यास,
अनेक आशीर्वाद. औंढ्याला परत सुखरूप पोचल्याचा इब्राहीमभाऊंचा निरोप मिळाला.

काल जे झालं त्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. बाबूसिंगला सकाळीच निरोप धाडला. तो हसला आणि म्हणाला की ताई, मग फोटो तरी काढून देता का. गाडीचे कागद तुझ्या नावावर करण्याचा अर्ज सोबत आहे. जिथे पेन्सिलीने फुली मारली तिथे तू सही कर.

मी गाडीत बसणार नाही म्हणत होते आणि बसले. केळीच्या बागांपाशी तू पेडल दाबलंस तेव्हा पाठ अशी मागे रेटली गेली की मी नागनाथाचं नाव घेतलं. मग हसू यायला लागलं आणि थांबेना. कळमनुरीच्या अलीकडे लोक वळून बघत होते. बहात्तराव्या वर्षी माझा पदर वाऱ्यावर होता हे रेवतीला कळवू नकोस, मीच तिला सांगणार आहे.

पण तू परत निघाल्यावर मी फाटकात उभी राहिले, तेव्हा एक लक्षात आलं. तू आलास ते मला कळलंच नव्हतं. मी डोक्यावरून न्हाऊन पायरीवर केस वाळवत होते, वर बघते तर गाडी दारात. चूल थंड. माझी फजिती झाली म्हणून मी तुझ्यावर ओरडले आणि तुला वाटलं की गाडीवर ओरडले.

डॉक्टरांची गाडी ओढ्यापलीकडे असतानाच मला ऐकू यायची. काय तो खडखडाट! साऱ्या गावाला झोपेतून उठवायची. मी म्हणायचे की या भुताचा आवाज एकदा बंद होऊ दे. आणि तो ऐकू आला की तांदूळ धुवायला घ्यायचे. ते वाटेतल्या रोग्यांशी बोलत येऊन हातपाय धुईपर्यंत भात व्हायचा. चाळीस वर्षं त्यांना कधी गार भात वाढला नाही मी. ते म्हणायचे की गंगूला कसं बरोबर कळतं. मी कधी सांगितलं नाही कसं ते. त्यांना वाटू दिलं.

तुझं नवं इंजिन चांगलं आहे. ते गुपचूप येतं हा त्याचा दोष नाही. जुन्याचा आवाज मला परत नको, कोणी घेऊन आलं तरी मी कटकटच करीन. पण काल तू आणि इब्राहीमभाऊ चहा-चिवड्यावर गेलात ते मनाला लागून राहिलं आहे.

म्हणून इथून पुढे यायच्या आधी पोस्टकार्ड टाकत जा. दिवस लिही आणि वेळही लिही. भात व्हायला अर्धा तास लागतो.

वाट पाहणारी,
गंगूताई