चांदीच्या नरसाळ्याचे पाय

७ जानेवारी १८७९, मंगळवार

हे आहे तरी काय? आईने आज हातात ठेवलं — "तुझ्या ड्रुसिला मावशीचं. तेवीस तारखेच्या नाचाला ने." वीतभर चांदी, वर रुंद तोंड, खाली निमुळती मूठ. नरसाळं म्हणावं तर खालून बंद! मुठीवर एक गुंडी. दाबली — ढिम्म.

"फुलं खोचायची, दुसरं काय!" म्हणून आईने विणकाम उचललं. डोळ्यांनी धड दिसत नाही, तरी विणतेच.

फुलांसाठी ठीक. मग गुंडी कशाला?

९ जानेवारी

मावशीला विचारायला वर गेले. खोली आजीची, आजी जाऊन किती वर्षं झाली, मावशी अजून तिथेच. "मला नको विचारूस गं, टिल्डा." एवढंच. समोरचा चहा गार झाला. मावशी आणि गार चहा!

११ जानेवारी

मैत्रिणीकडे, फीबी गार्लंडकडे, तस्संच निघालं! तिने गुंडी दाबली — खट्! — मूठ फाकून तिपाई झाली, गुच्छ टेबलावर उभा. "वेडे, नाचायला हात मोकळा नको? नाहीतर या साखळीच्या कड्यात बोट घाल, लोंबू दे." माझ्याला साखळीच नाही. नुसतं भोक.

"म्हणजे तू गुच्छ धरून भिंतीशी, आणि टॉम बेडोज दुसरीला घेऊन नाचतोय!"

तोंडाला हाड नाही हिच्या! पण झोंबलं. टॉम वसंतात लिव्हरपूलला जाणार, नोकरीवर. काही विचारायचं असेल तर त्या नाचातच विचारेल. आणि मला ते हवंय. झालं, लिहून टाकलं!

१४ जानेवारी

गंजलं असेल म्हणून घड्याळवाल्या ऑन्सलोंकडे नेलं. त्यांनी भिंग लावलं. "गंज कसला, पोरी! झाळून जोडलंय. मुद्दाम पाय बंद करून घेतलेत कुणीतरी." सोडवून देतो म्हणाले.

कुणी? आणि का?

१७ जानेवारी

उघडलं! खट्, खट् — दिवसभर हाच चाळा. मान वर केली तर दारात मावशी. आणि आपणहून बोलली.

पहिल्या नाचाला ती एकाच माणसाबरोबर नाचत राहिली. कॅनडाला निघाला होता तो. "दुसऱ्या नाचाच्या आधी आईने हे उजळायला नेलं. परत आलं ते असं. म्हणाली, थोरली लग्न करून गेली, तूही गेलीस तर माझं कोण करणार?"

थोरली म्हणजे आमची आई.

"मग द्यायची ना फेकून फुलं!"

"अगं, त्यानेच पाठवलेली! खाली टाकली किंवा खुर्चीवर आडवी ठेवली असती तर भरसभेत त्याला नाही म्हटल्यासारखं झालं असतं. तो समोर येऊन उभा, आणि माझे हात त्याच्याच फुलांत अडकलेले."

"कुणाला तरी धरायला द्यायची."

"कोणाला? मैत्रिणी नाचत होत्या. आईने हात पुढे केला नाही."

तो निघून गेला. मावशी सांगताना रडली नाही. मीच रडले, आणि आजीचा असा राग आला!

२१ जानेवारी

फीबीकडून आले तर नरसाळं जागेवर नाही. आई म्हणाली, "उजळायला पाठवलंय."

छे! माझी आई असं करणार नाही. संध्याकाळी तिला समोरचा पेला सापडेना. माझा हात चाचपून घट्ट धरला — "तुझ्या थोरल्या दोघी बहिणी लग्न करून गेल्या. आता तूच गं."

२३ जानेवारी

टॉमची व्हायोलेटची फुलं आली. नरसाळंही आलं, लखलखीत.

गुंडी दाबली. ढिम्म.

२४ जानेवारी

मावशी काल आमच्याबरोबर नाचाला आली. इतक्या वर्षांनी! आईने "तू कशाला?" म्हटलं तरी गाडीत चढून बसली.

वॉल्ट्झ सुरू झाला. टॉम समोर उभा. माझे हात फुलांत. आई शेजारीच होती, तिने हात पुढे केला नाही.

मावशीने केला. "आण इकडे. मी धरते."