पाहुआचा घागरा

प्रिय पाहुआ,

गठुडं मिळालं की घागरा बाहेर काढ, पण चुण्या मोडू नयेत म्हणून घातलेले दोरे सोडू नकोस. ते नव्या वर्षाच्या सकाळीच सोडायचे. व्हिएन्तिआनच्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या कॉलरी शिवता शिवता विसरली असशील, म्हणून सांगते. बाकीच्यांचं शिवून झालं. बाबांचा सदरा, भावाचा सदरा, वहिनीचा कमरपट्टा, तिच्या दोघी पोरींच्या टोप्या. बाबांची एक बाही आखूड झाली आहे. मी मुद्दाम केली म्हणतात. म्हणू देत.

भात कापून झाला तशी मी तुझा घागरा हातात घेतला आणि घरात वादाला तोंड फुटलं. तुझे थोरले काका चुलीपाशी बसून म्हणाले, लग्न झालेल्या मुलीचे कपडे तिच्या सासूनं शिवायचे, तिचा जीव त्या घरच्या देवांच्या हवाली केलाय, तू कशाला मध्ये सुई खुपसतेस? मी म्हटलं, भावजी, सासूनं तीन वर्षांत किती शिवले ते जाऊन विचारून या. गेल्या नव्या वर्षाचा तुझा फोटो मला वहिनीनं फोनवर दाखवला होता. सणाच्या चेंडूफेकीच्या मैदानाकडेला हसत उभी होतीस. पण डावीकडच्या चुण्यांवर आडवा टाका होता, तो माझा. लग्नातला घागरा, सासरी जाताना काट्याला फाटला, तेव्हा वाटेत बसून मीच शिवलेला. म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी सुनेला जुनंच नेसवलं. आपल्या ह्मोंग लोकांत न पटणाऱ्या सुनेशीही कुणी असं वागत नाही. पहिल्या दिवशी जुनं नेसलं की वर्षभर दैन्य पाठ सोडत नाही, हे त्या बाईला काय ठाऊक नव्हतं?

मला तेव्हाच कळलं होतं, पाहुआ. नवरा मारतो हे तू चार महिन्यांनी सांगितलंस, पण मला फोटोतच कळलं होतं. तरी मी गप्प बसले, चार लोकांत शोभा नको म्हणून. चुकलं माझं.

दोन महिन्यांपूर्वी तू त्याला सोडून शहरात गेलीस तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आता म्हणतात, येऊ दे तिला, पण उंबऱ्याबाहेर राहील, घरच्या देवांनी तिला एकदा निरोप दिलाय. मी म्हटलं, देवांचं मी बघते, तुम्ही आधी पोरीचं नाव तोंडातून काढा. गेल्या आठवड्यात जेवताना काढलं एकदाचं. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणाले, पाहुआ असती तर असं नसतं झालं.

सुट्टी नाही, येत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. मला शिकवू नकोस. सकाळी उलट्या होतात, हे तू वहिनीला सांगितलंस आणि तिनं मला. आपल्यात माहेरच्या घरात लेकीनं बाळंत व्हायचं नाही, म्हणूनच तू तोंड लपवून बसली आहेस. तर ऐक. भाताच्या कोठाराला लागून मी तुझ्या बाळंतपणाला खोपी उभारली आहे. छप्पर मी स्वतः शाकारलं. बाबा येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी तिथे चुलीचे तीन दगड मांडलेले होते. घागऱ्याचे बंद दोन वीत लांब ठेवलेत, पोट वाढलं तरी पुरतील. गठुड्याच्या तळाशी बाळाला पाठीशी बांधायचं झोळणं आहे. ते आईच्या आईनं शिवायचं असतं, त्यावर काकांचंही काही चालत नाही. नवं वर्ष नऊ दिवसांवर आलंय. फोन्सावानच्या बसनं ये, भाऊ घ्यायला येईल. तुला उंबऱ्याच्या आत जागा नसेल तर मलाही नको. माझं अंथरूण मी कालच खोपीत नेऊन टाकलंय.

कुणी काहीही म्हणो, तुझ्याच बाजूची,
आई