माझं शिलाईचं दुकान

शुक्रवार, ७ मार्च
उद्या नातीला माझी जुनी गल्ली दाखवणार. तिला शाळेच्या वहीत ‘आजीचं दुकान’ लिहायचंय. तसं दुकान टेलर मास्तरांचं, मी मागच्या खोलीत शर्टांना काजं करायची. पण काजं नसतील तर शर्टाची बटणं लागणार कशी? म्हणजे जवळजवळ माझंच. घरात सगळ्यांना वीस वर्षं ‘माझं दुकान’ एवढंच सांगितलंय. थोरला म्हणतो, गल्ली बदललीय, फोनवर नकाशा बघ. म्हटलं, डोळे बांधून सोड, बरोबर पोचेन.

शनिवार, ८ मार्च, दुपारी
आम्ही दोघी दोनदा चुकलो. दोष गल्लीचा. कोळशाच्या वखारीत आता कुत्र्यांचे केस कापतात, आणि कुत्री गुमान बसतात, आमचा थोरला कधी बसला नाही. मजाच मजा. मास्तरांच्या दुकानात कॉफी मिळते. शिलाई मशीनच्या पायांवर फळ्या ठोकून टेबलं केलीत. मी रंगात आले. नातीला सांगितलं, इथे माझे सहा कारागीर बसायचे.
तेवढ्यात कप गोळा करायला एक लुकडी म्हातारी आली. सुई! आम्ही तिला सुईच म्हणायचो, मी बटणासारखी गोल म्हणून गुंडी. नऊ वर्षं एका चटईवर काजं केली. माझे डोळे आले तेव्हा माझ्या वाटची काजंही तिनेच केली.
“अगं गुंडी, तूच ना?”
मी म्हटलं, “बाई, तुमची काहीतरी चूक होतेय.”
ती कप घेऊन आत गेली.

रविवार, ९ मार्च
चष्मा नव्हता, ओळखणार कशी? (चष्मा होता.) नातीने वहीत सहा कारागीर लिहिलेत. अक्षर छान. मला वाचवेना. उद्याच जाऊन सुईला भेटायचं. ठरलं.

बुधवार, १२ मार्च
सोमवारी गुडघा. मंगळवारी ऊन. आज गुडघाही बरा, ऊनही नाही, म्हणून केस धुतले.

शनिवार, १५ मार्च
गेले. नातीसमोरच म्हटलं, “सुई, मी गुंडी. दुकान मास्तरांचं होतं. आपण दोघी काजं करायचो.”
तिने आमचं टेबल पुसलं. सावकाश, अगदी कडेपर्यंत.
“बाई, तुमची काहीतरी चूक होतेय.”
नातीला म्हटलं, ते सहा कारागीर खोड. तिने रबराने अख्खं पानच खोडलं. मग विचारते, आजी, या बाई तर तुला ओळखतच नाहीत, आता काय लिहू?
पान अजून कोरं आहे.