लाडवांवर घातलेला आळ

नाशिक रोड,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मल्हारीदादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? सायखेड्याला द्राक्षांचा तोडा सुरू झाला असेल, म्हणजे तू डॉक्टरकडे जाणार नाहीस हे मला माहीत आहे. माझ्या धाकट्याला, रवीला, कंपनीत कायम केलं. इकडे पाण्याची ओरड आहे, ती नेहमीचीच.

घरात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन मी करून पाहिला. तू "बोल सिंधे" म्हणालास आणि मी द्राक्षांचा भाव विचारून ठेवून दिला.

आपल्या नातवाची, सम्यकची, तब्येत आता बरी आहे. मागच्या आठवड्यात त्याला पुन्हा ताप येऊन गेला. पोट धरून कळवळत होता, मग आपोआप उतरला. ही गोष्ट आम्ही तुम्हाला कळवली नाही. मीच कळवू दिली नाही.

दादा, दिवाळीत तुमच्याकडे छायावहिनीनं त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला, त्याच्या अंगावर गांधी उठल्या आणि दुसऱ्या दिवशी तो तापानं फणफणला. आम्ही त्याला इथं आणून दवाखान्यात ठेवलं. सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा मी तुम्हाला फोनवर सांगितलं की ॲलर्जी आहे, शेंगदाण्याची. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. डॉक्टरीणबाई मला आणि संजनाला समोर बसवून म्हणाल्या होत्या, "दोन्ही दुखणी खरी आहेत. गांधी शेंगदाण्याच्या. ताप मात्र त्याच्या रक्तातला आहे, तो लाडू न खाताही आला असता. एकाचं खापर दुसऱ्यावर फोडू नका."

मग त्यांनी विचारलं, नात्यात लग्न झालंय का? संजनानं माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलं, पण तिथं फाईलची पानं चाळत बसले. शेवटी तीच म्हणाली, "या माझ्या सासूबाई, माझ्या सख्ख्या आत्याही."

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मुलात उमटतो, असं बाईंनी समजावलं. म्हणजे तो माझ्या मुलाकडे माझ्यातून आला, संजनाकडे तुझ्यातून. आपल्या दोघांना काही झालं नाही, आणि त्या लेकराच्या वाट्याला रोजची गोळी आली. आत्याचा हक्क पहिला म्हणत तुझ्या दारात पदर पसरला होता तो मीच. तू तेव्हा म्हणाला होतास, पोरीला अजून शिकायचंय. मी रुसून जेवले नव्हते.

इतकंही मी सांगितलं असतं रे. पण बाई पुढं बोलल्या की घरात असं आणखी लग्न ठरत असेल, तर आधी दोघांचं रक्त तपासा. आपण माझ्या रवीची आणि तुझ्या तेजलची सुपारी नुकतीच फोडली होती. तू कळल्यावर मागं हटशील, ही भीती वाटली. संजनाला मी घरी येताच शपथ घातली.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. रडत होती. "ताई, माझ्याच हातानं पोराला दुखणं लागलं." मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "असू दे, आता जपायचं."

संक्रांतीला ती आली, ते तू पाहिलं नाहीस. मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. सम्यक "आजी, आजी" करत धावला, तर ती मागं सरकली. लांबूनच बोलली त्याच्याशी. मी ओट्याशी उभी राहून चहा गाळत राहिले.

परवाच्या तापात संजना त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, आता हा ताप कुणाच्या नावावर घालायचा? माझी आई तर आली पण नव्हती."

म्हणून लिहिते आहे. वहिनीला हे सगळं वाचून दाखव. शेंगदाणा तेवढा त्याला द्यायचा नाही, तो खरंच घातक आहे. पण त्याला जवळ घे म्हणावं. पोर वाट बघतंय.

आणि रवी-तेजलचं. तपासणी करा किंवा लग्नच मोडा, ते तेजलला ठरवू दे. रवीला मी आज सगळं सांगितलं. तो म्हणाला, आधी मामाला कळव. तुझ्या शब्दातून मी तुला मोकळं करते. या वेळी तू नाही म्हणालास, तर मी रुसणार नाही.

माफी मागायला मी स्वतः येणार आहे, पण वहिनी ये म्हणेल तेव्हाच.

तुझी विहीण होण्याआधीची बहीण,
सिंधू