अंगणावर कॅमेरा नाही

अर्जुनी मोरगाव,
८ ऑक्टोबर २०२५

चि. उमेंद्र,

तुला, रुचीला आणि टिंकूला आशीर्वाद. इकडे धान लोंबीवर आलंय. इटियाडोह धरणाचं पाणी यंदा शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे.

आपलं अंगण मोबाईलवर का दिसत नाही, असं तू रोज विचारतोस. कॅमेरा बिघडलेला नाही. मी उतरवला आहे.

गेल्या उन्हाळ्यात पंप चोरीला गेला तेव्हा कॅमेरा लाव, असं मीच म्हणाले होते, हे कबूल. पहिल्या महिन्यात तर येताजाता त्याच्याकडे बघून हसायची, तू बघत असशील म्हणून. मग तुझे फोन सुरू झाले. 'आई, उन्हात काऊन बसली?' 'आई, दुपारी कोण आलं होतं?' मी अंगणात केस विंचरणं सोडलं. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई मी, स्वतःच्या अंगणात चोरासारखी वागायला लागले.

शामकला, माझी अंगणवाडीतली मदतनीस, तुला आठवत असेल. पोळ्यानंतरच्या आठवड्यात ती भरदुपारी अनवाणी आली. ओठ फाटलेला. "बाई, घडीभर बसू द्या, मंग जातो," म्हणाली. मी जाऊ दिलं नाही. तिचा नवरा दुलीचंद तिला किती वर्षं मारतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

तू ते पुण्यात बसून पाहिलंस आणि त्याचा व्हिडिओ मोहितला पाठवलास. 'आई कोणाच्या भानगडीत पडून राहिली बघ, जरा समजाव.' तुझ्या या चुलतभावाने मला समजावलं नाही, चौकात मोबाईल फिरवला. संध्याकाळी दुलीचंद फाटकात हजर.

"मावशी, माही बायको बाहेर काढ."

"नाही काढत."

"आमच्या घरच्या गोष्टीत कायले मधात पडून राहिली तू?"

"ती माझ्या घरात आहे. आता ही माझ्याही घरची गोष्ट आहे."

त्याने मला ढकललं. मोरीत घसरून मनगट मोडलं असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं. आता वाटतं, वाईट वाटायलाच हवं होतं. प्लास्टर परवा निघालं.

शेजारची कुंदाबाई ओरडत आली तेव्हा तो पळाला. ठाण्यात पोलिसांनी विचारलं, कॅमेऱ्यात असेल ना? नव्हतं. त्या संध्याकाळी नेट गेलेलं. 'म्हातारी आपली आपण पडली,' दुलीचंद म्हणाला. शामकला पुण्यापर्यंत दिसली, दुलीचंद कुठेच दिसला नाही.

मग मी गोंदियाला गेले, चंद्रकुमारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. "माताजी, क्लाउडवाला लो. पूरा घर मोबाईल पे दिखेगा, बेटे को भी."

"बेटे को नहीं दिखाना है."

तो हसला. मी नाही हसले. त्याने आतून एक डबा आणला. कॅमेरे वायरने त्यालाच जोडायचे, चित्र त्याच्यातच साठतं, वीस दिवसांनी जुनं पुसलं जातं. "नेट काढून दाखवा," म्हटलं. "इसमें नेट लगाया ही नहीं, माताजी." तरी मी कॅमेऱ्यापुढून दोनदा चालले आणि टीव्हीवर स्वतःला बघितलं, आवाजसुद्धा ऐकला, तेव्हा पटलं. लाइट गेली तर चालावं म्हणून बॅटरीही घेतली.

बसवणाऱ्या माणसाला बाहेर उभं करून पासवर्ड मीच टाकला. एक कॅमेरा फाटकावर, एक मागच्या दारावर. अंगणावर नाही. डबा कुठे आहे ते तुलाही सांगणार नाही.

शुक्रवारी दुलीचंद पुन्हा आला. फाटकावर लाथा घातल्या, दोघींना जाळीन म्हणाला. मी कडी काढली नाही, ठाण्यात फोन लावला. पोलीस यायच्या आत तो निघून गेला, पण या वेळी त्याचं तोंड आणि त्याचे शब्द डब्यात होते. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन आम्ही दोघी गेलो. जबाब शामकलाने स्वतः दिला. मधेच रडली, थांबली, पाणी प्याली, पण पुरा दिला. दुलीचंद आत आहे. सुटेलही उद्या, मला माहीत आहे. फाटक तेच आहे आणि मीही तीच आहे.

ती आता इथेच राहते, तुझ्या खोलीत. सामान तुझ्या कपाटात लावलंय. तुझी पुस्तकं पेटीत ठेवली, तक्रार करू नकोस.

मी आता तुला मोबाईलवर दिसणार नाही. बघायचं असेल तर दिवाळीला ये. पण आधी शामकलाला फोन कर, नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. पस्तिशीचा झालास.

तिच्याशी बोलेपर्यंत माझी खुशाली विचारू नकोस.

तुझीच, तरीही
आई