देवाला शिवणारं भूत

४ मार्च, चिखली
श्री गजानन प्रसन्न. आज भाड्याच्या घरात बिऱ्हाड आणलं. दूध उतू घातलं, देव मांडले. आमच्या यांची बदली माझ्या पथ्यावरच पडली. मुक्त विद्यापीठाचं केंद्र पायी जाण्याजोगं, रिक्षाचे पैसे वाचले. लग्नामुळे मॅट्रिकवरच थांबले होते. आता पूर्वतयारीची परीक्षा काढली की बी.ए. यांनीच पेढे वाटले, आमची मास्तरीण होऊन राह्यली म्हणून.

१९ मार्च
माझा चष्मा पाण्याच्या टाक्यात सापडला, काडी मोडून. परवा पुस्तक मोरीत भिजलेलं. घरमालकीण तानाबाई म्हणाल्या, आधीची भाडेकरीण इथंच जळून मेली. तिलेही वाचायचा लय नाद होता, तुह्या हातातलं पुस्तक पाहून तिचा जीव तळमळत असन. लिंबू-मिरची बांधली. हेही म्हणाले, कशाला डिवचतेस तिला.

११ एप्रिल
उजवा हात दारात चिमटला. वाऱ्यानं दार लागलं, हे म्हणाले. हळदही यांनीच लावली. अंगणात तुळशीचं पान हलत नव्हतं. डाव्या हातानं लिहिते आहे.

२ मे
हॉलतिकीट आलं. गजाननाच्या मूर्तीखाली ठेवलं. भूत देवाला शिवत नाही.

५ मे
हॉलतिकीट नाही. मूर्ती जागच्या जागी, अष्टगंध ताजं. धुपाटण्यात कागदाची राख, तीत माझ्या फोटोतलं अर्धं कपाळ, कुंकवासकट.
भूत देवाला शिवत नाही. आंघोळ करून, सोवळं नेसून देवापाशी बसणारं या घरात माझ्याशिवाय एकच माणूस —
त्या जळालेल्या बाईला उगाच बोल लावला मी.

८ मे
शेजारची मयुरी कॉलेजात जाते. म्हणाली, काकू, रडता काऊन, दुसरं छापून भेटते. आणूनही दिलं. आता ते पोलक्यात.
हे म्हणतात, बाधा आता तुझ्याच अंगात शिरली. परवा सकाळी मांत्रिक येईल.
परवाच पेपर —

१० मे
बाहेरून कडी. मांत्रिकाला आणायला गेला आहे.
नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यावं, म्हणून आजवर लिहिलं नाही. भुताचं लिहायला हरकत नाही. हिंमतराव.
मागच्या दाराला मयुरी — कडी गंजलेली, पण हलते —
पुढं चपला वाजल्या. एकट्याच्याच. मांत्रिक नाही —
हॉलतिकीट आहे. पेन हेच, सोबत नेते —