भाग्यश्रीचा तिसरा चेंडू

नाशिक, सोमवार

ती. गोरक्षदादा यांना दीपकचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण हल्ली वाकलो की उठवायला उज्वलेला हाक मारावी लागते, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्यावा.) आपली शुगर कशी आहे? वहिनी ठणठणीत असतीलच. आपल्या भगिनीचा आवाजही ठणठणीत आहे, खाली पार्किंगपर्यंत स्पष्ट ऐकू येतो.

भाऊबीजेपासून आपण माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. मी सांगतो आहे आणि भाग्यश्री लिहून घेते आहे, कारण माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना प्लॅस्टर आहे. ते कसं झालं ते सांगतोच. पण आधीच स्पष्ट करतो की या पत्रात मला आपल्याकडे काहीही मागायचं नाही.

भाऊबीजेला आपण तिच्या ताटाशेजारी पोलीस भरतीची जाहिरात ठेवलीत आणि म्हणालात, "शाळेपासून सॉफ्टबॉल खेळली, सर्टिफिकेट मिळालं, आता खेळाडूंच्या कोट्यातून लाग नोकरीला. चेंडू फेकून कोणाचं घर चाललंय?" त्यावर ती म्हणाली, "माझं चालतंय, मामा." आणि आपण श्रीखंड अर्धं टाकून उठलात. ती रडली ते परत येताना, गाडीत, वणीचा फाटा मागे पडल्यावर. (हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, लिही.)

दादा, तिचं खरंच चालतं. जपानमधल्या ज्या क्लबाकडून ती आता बेसबॉल खेळते तो लहान आहे, पण पगार देतो. तिथे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि आपली भाग्यश्री पिचर आहे. पहिल्या मोसमात ती बाकावर बसून राहिली. दुसऱ्यात तिच्या वेगापुढे भल्याभल्या बॅट फिरवून गरगरल्या. तिसऱ्यात मात्र त्यांनी तिला ओळखलं. तिच्याकडे चेंडू दोनच, एक वेगाचा आणि एक वळणारा, आणि कोणता येणार ते त्यांना हात बघूनच कळायला लागलं. ती सुट्टीवर घरी निघाली तेव्हा प्रशिक्षकबाईंनी सांगितलं, "फेब्रुवारीत चाचणी आहे. तिसरा चेंडू घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस, तुझं सामान आम्ही पाठवून देऊ."

हा तिसरा चेंडू मोठा लबाड. हात तोच, जोर तोच, चेहरा तोच, पण चेंडू मागे रेंगाळतो. (मांडववाल्याचा टेम्पो 'निघालोच' म्हणतो आणि आपण दारात ताटकळतो, तसं त्या बॅटवालीचं होतं.) तो बसवायचा तर रोज टाकायला हवा आणि समोर झेलायला कोणीतरी हवं. मैदानावर क्रिकेटचा एक यष्टिरक्षक तयार झाला, पण तिथे सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त पंच तिच्या प्रत्येक चेंडूला "फेकी आहे! नो बॉल!" म्हणून हात आडवा करत. तिने परोपरीने सांगितलं की काका, या खेळात फेकायचंच असतं. ते म्हणाले, "माझ्यासमोर नाही." तो यष्टिरक्षक त्यांचाच भाचा निघाला.

म्हणून मी बसलो. ओझरच्या कारखान्यात उभा जन्म विमानाच्या भागांशी झटापट केलेला माणूस मी, एक चेंडू झेलणार नाही? स्कूटरच्या हेल्मेटपुढे टेबलफॅनची जाळी बांधली, छातीला सोफ्याची उशी, पायांना पॅड, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवा झालो. पहिला चेंडू मी पाहिला नाही. ऐकला. तो कानाजवळून गेला आणि मागे तळमजल्यावरच्या वत्सलाबाईंच्या स्कूटरचा आरसा गेला.

वत्सलाबाई बाहेर आल्या. "अहो, लग्नाच्या मुलीला हे काय शिकवताय?"

"मी कुठे शिकवतोय? ती मला शिकवते आहे," मी म्हणालो. (उठून म्हणायचं होतं, पण उठता येईना.)

रोज सकाळी असं चाललं. उज्वला खुर्ची टाकून बसे आणि मला सूचना देई. एक दिवस वेगाचा चेंडू ग्लोव्ह सोडून उघड्या बोटांवर बसला. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?" मी कळवळून म्हणालो, "मुलीने मारलं." डॉक्टरांनी उठून दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून चालू आहे?" म्हटलं, दिवाळीपासून, रोज सकाळी तासभर. "आणि मिसेस?" म्हटलं, त्या खुर्ची टाकून बघतात. दादा, त्या भल्या माणसाने मला ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीचा नंबर लिहून दिला.

त्यांनी उकिडवं बसायचंच नाही असंही बजावलं. दुसऱ्या दिवशी मी बसलो. डावा हात शाबूत होता, उजवा पाठीमागे लपवला. आणि त्याच दिवशी तो तिसरा चेंडू आला. वेगाचाच आहे म्हणून मी ग्लोव्ह मिटला, आत काही नाही. मिटलेल्या ग्लोव्हवर चेंडू मागाहून येऊन टपकन आदळला. "पप्पा, पडला!" ती ओरडली. मला वाटलं मी पडलो. बघतो तर ती दोन्ही हात वर करून नाचत होती. पुढचे सगळे चेंडू बिघडले, पण एकदा आलेला परत येतो. येईपर्यंत ती टाकणार, आणि तोवर मी बसणार. कोण काय म्हणतं याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. मोठ्यांना सादर नमस्कार.

आपला,
दीपक

ता. क. सोसायटीने काल ठराव करून पार्किंगमध्ये चेंडू बंद केला. (वत्सलाबाईंचा दुसरा आरसा.) आपली कांदाचाळ या दिवसांत रिकामी असते असं उज्वला म्हणते. आम्हाला लांबी साठ फूट आणि वर थोडी लागते. सहज विचारलं.

ता. क. २. आम्ही गुरुवारी सकाळच्या एसटीने देवळ्याला निघतो आहोत. आपला नकार असल्यास कृपया पोस्टाने कळवावा.

मामा, पप्पा चहा घ्यायला आत गेलेत, म्हणून हे माझं मी लिहिते. त्यांना आता मी बसू देणार नाही. झेलायचं मी मामींना फोनवर विचारलं, त्या एका पायावर तयार आहेत. म्हणाल्या, लग्नाआधी खो-खोत मी कोणाला सुटू दिलं नाही. फक्त तुमच्यासमोर हेल्मेट घालायला त्या लाजतात, तेव्हा तेवढा वेळ तुम्ही मार्केटला जाऊन या.

पहिल्या दिवशी मात्र थांबा. मी कशी टाकते ते तुम्ही अजून एकदाही पाहिलेलं नाही.

भाग्यश्री